गळीत हंगामात काट्यावरची पावती वारंवार अडकणे: उघड्या ट्रान्झॅक्शनचा शोध आणि बंदोबस्त

मराठवाड्यातील ज्या साखर कारखान्यांत वजनकाटा, शेतकी विभाग आणि हिशेब विभाग एकाच मध्यवर्ती डेटाबेसवर चालतात, तेथील संगणक विभागाकडे हंगामात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. काट्यावर उसाची भरलेली ट्रॉली उभी असते, वजन स्थिर झालेले असते, ऑपरेटरने पावती साठवण्याची कळ दाबलेली असते आणि पडदा जागच्या जागी थिजतो. शेजारच्या काट्यावर मात्र त्याच वेळी पावत्या निघत असतात. थोड्या वेळाने तोही थांबतो, केनयार्डातील (ऊसगाड्या उभ्या राहण्याच्या आवारातील) गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते, फोन वाजू लागतात आणि अखेर कोणीतरी डेटाबेस सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो. सगळे सुरळीत होते. दोन-चार दिवसांनी तेच पुन्हा घडते.

उभ्या गाडीतला ऊस उन्हात वाळतो आणि त्याचे वजन घटते. हा तोटा शेतकऱ्याच्या पदरात पडतो, टोळीची पुढची खेप चुकते ती वेगळीच. त्यामुळे 'रीस्टार्ट केले की चालते' एवढ्यावर समाधान मानणे योग्य नाही. या दुखण्याचे कारण नेमके शोधता येते आणि ते कायमचे दूरही करता येते. येथील विवेचन पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसला धरून केले आहे. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएल वापरणाऱ्यांसाठी आवश्यक तेवढे फरक शेवटाकडे दिले आहेत.

रीस्टार्टने गुण का येतो

पहिली खूण अशी की पडदा थिजलेला असताना सर्व्हरवर फारसा भार नसतो. प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो, डिस्क शांत असते, नेटवर्कवरून पिंग व्यवस्थित मिळते. अशा वेळी रॅम वाढवणे किंवा नवा सर्व्हर घेणे व्यर्थ आहे, कारण सर्व्हर दमलेला नसून वाट पाहत असतो. कोणीतरी एका नोंदीवर लॉक, म्हणजे दुसऱ्याला ती बदलू न देणारे कुलूप, घेऊन ठेवलेले असते आणि बाकीचे त्याच्या मागे उभे असतात.

मोठ्या कामाच्या डेटाबेस प्रणालींचे ट्रान्झॅक्शन हे मूळ वैशिष्ट्य आहे. एखादे काम पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही, अर्धवट काही उरणार नाही, आणि एकाच वेळी काम करणाऱ्या अनेकांचे बदल एकमेकांत मिसळणार नाहीत, अशी ती हमी आहे. काट्याच्या पावतीसारख्या नोंदीसाठी ती अनिवार्य आहे, कारण पावती तयार झाली आणि वाहतूकदाराच्या खात्यात टनेज चढलेच नाही, असे एकदाही होऊन चालणार नाही. ही हमी पाळायची तर ट्रान्झॅक्शन कमिट (कायम) किंवा रोलबॅक (रद्द) होईपर्यंत त्याने बदललेल्या ओळी दुसऱ्याला बदलू देता येत नाहीत. डेटाबेस येथे आपले काम चोख बजावत असतो. दोष असतो तो ट्रान्झॅक्शन उघडून ते तसेच सोडून देणाऱ्या प्रोग्रामचा.

रीस्टार्ट केल्यावर सगळी सेशन्स, म्हणजे प्रोग्रामांची डेटाबेसशी असलेली कनेक्शन्स, तुटतात, त्यांत ते उघडे ट्रान्झॅक्शनही रोलबॅक होते आणि लॉक सुटते, म्हणून गुण येतो. मात्र लॉक कोणी घेतले होते, कोणत्या संगणकावरून आणि किती वेळापूर्वी, याचा सर्व पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो. हंगामभर हाच प्रकार चालू राहण्याचे खरे कारण हे आहे.

अडकलेले असतानाच काय पाहावे

पडदा थिजल्याचा फोन येताच सर्व्हरला हात न लावता डेटाबेसमध्ये एक नवे सेशन उघडावे. सर्व कनेक्शन्स भरलेली असली तरी सुपरयूजरसाठी मूळ मांडणीत तीन जागा राखीव असतात, त्यामुळे आत जाता येते. नंतर 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' या व्ह्यूमधून, म्हणजे चालू सेशन्सच्या तयार यादीतून, प्रत्येक सेशनचा प्रोसेस क्रमांक, वापरकर्ता, ॲप्लिकेशनचे नाव, क्लायंटचा पत्ता, सध्याची स्थिती, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ, प्रतीक्षेचा प्रकार आणि शेवटची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) असे रकाने काढावेत. त्याला 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स' या फंक्शनचा रकाना जोडावा. हे फंक्शन २०१६ सालच्या ९.६ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि ते दिलेल्या सेशनला कोणत्या सेशनने अडवले आहे ते थेट सांगते.

हाती येणारे चित्र साधारणपणे असे असते. काटा क्रमांक दोनचे सेशन प्रतीक्षेत असते, प्रतीक्षेचा प्रकार 'लॉक' आणि तपशील 'ट्रान्झॅक्शनआयडी' असा दिसतो. काटा क्रमांक एकचे सेशन त्याच ओळीसाठी दुसऱ्या क्रमांकावर असेल तर त्याच्या तपशिलात 'टपल' असे दिसते, कारण रांगेतला पहिला माणूस समोरच्याचे ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट पाहतो आणि त्याच्या मागचे त्या ओळीवरील आपल्या पाळीची. या दोघांना अडवणारा क्रमांक शोधत गेले की एक असे सेशन सापडते, जे इतरांना अडवते आणि ज्याला स्वतःला कोणीही अडवलेले नसते. त्याची स्थिती बहुतेक वेळा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अशी असते. याचा अर्थ ते काहीही करत नाही, पण त्याने ट्रान्झॅक्शन उघडे ठेवले आहे. पत्ता पाहिला की तो शेतकी विभागातील एखाद्या संगणकाचा निघतो आणि ट्रान्झॅक्शनची सुरुवात तास-दीड तासापूर्वीची असते.

येथे पुष्कळ जण एका ठिकाणी फसतात. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' सेशनसमोर जी क्वेरी दिसते ती त्या सेशनने सर्वांत शेवटी चालवलेली असते. लॉक घेणारी क्वेरी तिच्या कितीतरी आधीची असू शकते. शेवटची क्वेरी एखादी साधी गावांची यादी काढणारी दिसली म्हणून 'हे सेशन निरुपद्रवी आहे' असा निष्कर्ष काढू नये. निर्णय घ्यायचा तो 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स'च्या उत्तरावरून आणि ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेवरून.

दुसरा गैरसमज डेडलॉकचा. काटा थांबला की 'डेडलॉक झाला' असे सर्रास म्हटले जाते. डेडलॉकमध्ये दोन सेशन्स परस्परांच्या लॉकची वाट पाहत असतात. असे चक्र पोस्टग्रेसक्यूएल स्वतः ओळखतो, मूळ मांडणीत एक सेकंदाच्या प्रतीक्षेनंतर तपासणी करतो आणि एका ट्रान्झॅक्शनला चूक देऊन चक्र तोडतो. आपल्या प्रकरणात चक्र नसते, एकामागे एक उभी असलेली सरळ रांग असते. डेटाबेसच्या दृष्टीने ती चूक नाही, म्हणून तो काहीच बोलत नाही आणि सांगितल्याशिवाय प्रतीक्षा कधी तोडतही नाही.

हा सर्व तपशील वेळेसह एका फाइलमध्ये साठवून घ्यावा आणि मगच हात घालावा. रांगेच्या मुळाशी असलेल्या त्या एकाच सेशनवर 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड' चालवावे. 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड' येथे उपयोगाचे नाही, कारण ते चालू असलेली क्वेरी थांबवते आणि या सेशनमध्ये तर कोणतीच क्वेरी चालू नसते. ऑपरेटिंग सिस्टीमवरून त्या प्रोसेसला 'किल -९' देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. तसे केल्यास पोस्टग्रेसक्यूएल सामायिक मेमरी बिघडली असेल असे गृहीत धरून सर्वच सेशन्स तोडतो आणि क्रॅश रिकव्हरीत जातो. बंद केलेल्या सेशनमधील कमिट न झालेली दुरुस्ती रद्द होते, हे संबंधित कर्मचाऱ्याला लगेच कळवावे, म्हणजे तो ती पुन्हा करील.

लॉक धरून बसणारे कोण असतात

सर्वाधिक वेळा आढळणारे कारण म्हणजे दुरुस्तीचा उघडा पडदा. शेतकी विभागातील कर्मचारी वाहतूकदाराचा खाते क्रमांक किंवा गाडीचा क्रमांक दुरुस्त करण्यासाठी त्याची नोंद उघडतो. प्रोग्राम त्याच क्षणी ट्रान्झॅक्शन सुरू करतो आणि 'सिलेक्ट फॉर अपडेट' वापरून ती ओळ राखून ठेवतो. कर्मचारी कागद आणायला जातो, समोर चिटबॉय (गावातील उसाच्या नोंदी ठेवणारा कर्मचारी) नोंदी घेऊन येतो, किंवा पाळी बदलते. पडदा तसाच राहतो. आता त्या वाहतूकदाराची गाडी काट्यावर आली की पावती साठवताना त्याच्या खात्यातील टनेज वाढवायचे असते आणि ती ओळ तर राखून ठेवलेली असते. इतर वाहतूकदारांच्या गाड्या व्यवस्थित निघतात. 'कधी होते, कधी होत नाही' हे गूढ येथे उलगडते: त्या विशिष्ट वाहतूकदाराची गाडी ज्या काट्यावर चढते तो काटा थांबतो, आणि त्याचीच दुसरी गाडी दुसऱ्या काट्यावर आली की तोही थांबतो.

यातील एक बारकावा आवर्जून सांगण्यासारखा आहे. टनेज वाढवण्याचे काम पावतीपासून वेगळे केले तरीही अडचण संपत नाही. पावतीच्या टेबलातून वाहतूकदाराच्या टेबलाकडे फॉरेन की (एका टेबलातील ओळीला दुसऱ्या टेबलातील ओळीशी बांधणारा दुवा) असेल, तर पावती घालताना पोस्टग्रेसक्यूएल मूळ ओळीवर 'की शेअर' प्रकारचे हलके लॉक घेतो, जेणेकरून ती ओळ मध्येच कोणी काढून टाकू नये. हे हलके लॉक 'फॉर अपडेट'शी जुळत नाही, पण 'फॉर नो की अपडेट'शी जुळते. दुरुस्तीच्या पडद्यावर मुख्य की बदलली जात नसेल, आणि ती सहसा बदलली जात नाहीच, तर 'फॉर नो की अपडेट' वापरणे पुरेसे आहे. ही सोय २०१३ सालच्या ९.३ आवृत्तीपासून आहे आणि तरीही आपल्याकडील बहुतेक प्रोग्राममध्ये जुने 'फॉर अपडेट'च दिसते.

दुसरे कारण विजेचे. हंगामात कारखान्याची स्वतःची वीज असली तरी टर्बाइन ट्रिप होते, काट्याच्या केबिनमधील इन्व्हर्टरची बॅटरी जुनी असते किंवा वाटेतला नेटवर्क स्विच बंद पडतो. काट्यावरचा संगणक अचानक गेला तर सर्व्हरला निरोप देण्याची संधीच त्याला मिळत नाही. सर्व्हरला वाटते की पलीकडे कोणीतरी आहे आणि फक्त शांत आहे. लिनक्सच्या मूळ मांडणीत अशा शांत कनेक्शनची पहिली चौकशी ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते, आणि उत्तर आले नाही तर पुढे ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा विचारणा होऊन मगच कनेक्शन तोडले जाते. म्हणजे जवळजवळ दोन तास अकरा मिनिटे ते मृत सेशन लॉक धरून बसू शकते. दरम्यान संगणक पुन्हा चालू होतो, ऑपरेटर त्याच गाडीची पावती पुन्हा करू लागतो आणि स्वतःच्याच जुन्या सेशनच्या मागे रांगेत उभा राहतो. अशा वेळी 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'मध्ये एकाच पत्त्यावरून दोन सेशन्स दिसतात, एक अडवणारे आणि एक अडलेले. ही खूण दिसली की कर्मचाऱ्यांना विचारपूस करत बसू नये, वीज आणि स्विच तपासावा.

तिसरे कारण क्वचित घडते, पण घडले की सर्व कारखाना थांबवते. भर दिवसा एखाद्या चालू टेबलात नवा रकाना घालण्याची आज्ञा दिली जाते. एरवी हे काम क्षणात होते. मात्र त्या टेबलाला स्पर्श केलेले एखादे ट्रान्झॅक्शन उघडे असेल, मग ते केवळ वाचणारे का असेना, तर टेबल बदलणाऱ्या आज्ञेला आपले सर्वांत कडक लॉक मिळत नाही आणि ती थांबते. त्यानंतर येणारी प्रत्येक क्वेरी, साधी वाचणारीसुद्धा, तिच्या मागे रांगेत लागते. हंगामात टेबलबदल करण्यापूर्वी त्या सेशनमध्ये 'लॉक_टाइमआउट' दोन-तीन सेकंदांचा ठेवावा. लॉक मिळाले नाही तर आज्ञा स्वतःहून माघार घेते आणि नंतर पुन्हा प्रयत्न करता येतो.

हळूहळू मंदावणारा प्रकार

काटा थिजत नाही, पण दर पंधरवड्याच्या बिलांच्या सुमारास सगळेच संथ होत जाते आणि रीस्टार्टनंतर पुन्हा वेग येतो, अशीही तक्रार असते. मूळ तेच असले तरी मार्ग वेगळा आहे.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ओळ बदलली की जुनी प्रत जागेवर राहते आणि नवी प्रत वेगळी लिहिली जाते. त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. बिलाचा अहवाल चालू असतानाही काटा चालतो तो याच वैशिष्ट्याच्या बळावर. कोणालाही न लागणाऱ्या जुन्या प्रती नंतर ऑटोव्हॅक्यूम काढून टाकतो. परंतु एखादे जुने ट्रान्झॅक्शन उघडे असेल, तर त्याच्यानंतर मृत झालेल्या प्रती त्याला लागू शकतील असे मानून व्हॅक्यूमला त्या ठेवाव्या लागतात.

याचा सर्वांत मोठा फटका मोठ्या टेबलांना न बसता लहान पण सतत बदलणाऱ्या टेबलांना बसतो. वाहतूकदारांच्या टेबलात पाचशे ओळी आहेत आणि प्रत्येक पावतीबरोबर त्यांतील एक ओळ बदलते असे धरू. मूळ मांडणीप्रमाणे ऑटोव्हॅक्यूमची वेळ ५० अधिक एकूण ओळींच्या २० टक्के इतक्या मृत प्रती झाल्यावर येते, म्हणजे येथे १५० बदलांनंतर. तो दर मिनिटाला जागा होतो, या टेबलावर येतो, काहीच काढू शकत नाही आणि परत जातो. मृत प्रती हजारांत आणि पुढे लाखांत जातात. पाचशे ओळींतून एक शोधण्यासाठी डेटाबेसला आता मृत प्रतींच्या ढिगातून वाट काढावी लागते. या टेबलावर 'व्हॅक्यूम व्हर्बोज' चालवल्यास मृत असूनही अद्याप काढता न येणाऱ्या प्रतींची संख्या स्पष्ट दिसते. ती संख्या मोठी असणे हाच निदानाचा पुरावा.

उघडे पण निष्क्रिय असलेले प्रत्येक ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमला अडवतेच असे नाही. 'रीड कमिटेड' या ट्रान्झॅक्शनच्या नेहमीच्या पातळीवर ज्याने केवळ वाचन केले आणि ज्याची क्वेरी संपली, ते सेशन जुन्या प्रती धरून ठेवत नाही. ज्याने काही लिहिले आहे किंवा 'फॉर अपडेट' वापरले आहे, ज्याचा कर्सर (ओळी थोड्या थोड्या आणणारी क्वेरी) उघडा आहे, जे ट्रान्झॅक्शनभर डेटाचे एकच चित्र दाखवणाऱ्या 'रिपीटेबल रीड' पातळीवर आहे, किंवा ज्याची क्वेरी तासन्‌तास चालूच आहे, ते धरून ठेवते. म्हणून व्ह्यूमधील 'बॅकएंड_एक्सआयडी' आणि 'बॅकएंड_एक्समिन' हे दोन रकाने पाहावेत. ज्याच्याकडे सर्वांत जुने मूल्य आहे तो अडवणारा. बॅकअपसाठी चालणारा 'पीजी_डंप'ही 'रिपीटेबल रीड'वर चालतो, त्यामुळे तो भर दिवसा लांबत असेल तर त्याची वेळ बदलावी. कोणतेही सेशन संशयास्पद नसेल तर 'पीजी_प्रिपेअर्ड_एक्झॅक्ट्स' आणि 'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स' पाहावेत. पूर्वी बसवलेला आणि आता कोणीही न वापरत असलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पोहोचेपर्यंत ते राखून ठेवणारी सोय) रीस्टार्टनंतरही जिवंत राहतो आणि वॉल फाइल्स (बदलांच्या नोंदी) साठवत साठवत डिस्क भरून टाकतो.

अहवालांसाठी वेगळी प्रत, म्हणजे स्टँडबाय सर्व्हर, ठेवणे हा चांगला मार्ग आहे. मात्र त्यावर 'हॉट_स्टँडबाय_फीडबॅक' (आपल्याला कोणत्या जुन्या प्रती लागतात ते मुख्य सर्व्हरला कळवणे) चालू असेल तर स्टँडबायवरील लांबलचक क्वेरी मुख्य सर्व्हरच्या व्हॅक्यूमलाही रोखते, हे ध्यानात ठेवावे.

बंदोबस्त

सर्वांत आधी लॉगमध्ये पुरावा साठू द्यावा. 'लॉग_लॉक_वेट्स' चालू केल्यास एक सेकंदाहून अधिक काळ लॉकसाठी थांबलेल्या प्रत्येक सेशनची नोंद होते. प्रत्येक संगणकाच्या कनेक्शनमध्ये 'ॲप्लिकेशन_नेम' भरायला लावावे, म्हणजे नोंदीत 'काटा-२' किंवा 'शेतकी-दुरुस्ती' असे दिसेल. सर्व संगणक एकाच वापरकर्त्याच्या नावाने जोडले जात असतील तर ही पद्धत लगेच बदलावी. काटा, शेतकी, हिशेब आणि अहवाल यांचे रोल (डेटाबेसमधील वापरकर्ते) वेगळे असल्याशिवाय पुढचे उपाय नेमके लागू करता येत नाहीत.

नंतर मर्यादा घालाव्यात. 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' मूळ मांडणीत शून्य, म्हणजे बंद असतो. काट्याच्या रोलला तो ३० सेकंद, शेतकी रोलला दोन मिनिटे ठेवावा, असे माझे मत आहे. हिशेब विभागासाठी त्यांचे काम पाहून ठरवावे. ही मर्यादा निष्क्रिय सेशनलाच लागते. लांबत चाललेल्या क्वेरीसाठी अहवालाच्या रोलवर 'स्टेटमेंट_टाइमआउट' लावावा. २०२४ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीत संपूर्ण ट्रान्झॅक्शनवर मर्यादा घालणारा 'ट्रान्झॅक्शन_टाइमआउट'ही आहे. काट्याच्या रोलला 'लॉक_टाइमआउट' पाच सेकंदांचा द्यावा आणि त्यातून येणारी चूक प्रोग्रामने पकडून 'या वाहतूकदाराची नोंद शेतकी विभागात उघडी आहे' असा मराठी संदेश दाखवावा. थिजलेल्या पडद्यासमोर ऑपरेटर हतबल असतो. संदेश दिसला तर तो एका फोनवर काम मार्गी लावतो.

मृत कनेक्शनसाठी, म्हणजे वर सांगितलेली शांत कनेक्शनची चौकशी (कीपअलाइव्ह) लवकर व्हावी म्हणून, सर्व्हरच्या मांडणीत 'टीसीपी_कीपअलाइव्ह्ज_आयडल' ६० सेकंद, 'इंटरव्हल' १० सेकंद आणि 'काउंट' तीन ठेवावा. दोन तास अकरा मिनिटांचे रूपांतर दीड मिनिटात होते. रोलवर घातलेल्या मर्यादा नव्या कनेक्शनना लागू होतात, म्हणून बदलानंतर काट्याचे प्रोग्राम एकदा बंद करून उघडावेत.

हे सर्व कुंपण झाले. खरी दुरुस्ती प्रोग्राममध्ये आहे आणि ती प्रोग्राम पुरवणाऱ्याकडून करून घेण्यासाठी वर साठवलेल्या फाइल्स उपयोगी पडतात. माणसाच्या विचाराला, चहाला किंवा पाळीला थांबणारे ट्रान्झॅक्शन असताच कामा नये. दुरुस्तीचा पडदा उघडताना नोंद केवळ वाचावी आणि ट्रान्झॅक्शन तिथेच संपवावे. ओळीत एक आवृत्ती क्रमांक ठेवावा. साठवताना 'आवृत्ती क्रमांक वाचला होता तोच असेल तरच बदल कर' अशी अट घालावी, आणि अट फसली तर 'दरम्यान नोंद बदलली आहे, पुन्हा पाहा' असे सांगावे. भरलेल्या गाडीचे वजन आणि गव्हाणीवर ऊस रिकामा झाल्यावरचे रिकाम्या गाडीचे वजन या दोन स्वतंत्र ट्रान्झॅक्शनच्या नोंदी असाव्यात, मधला काळ एका स्थिती-रकान्याने दाखवावा. दोन्ही वजने एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधणारे प्रोग्राम आहेत, आणि ते रात्रीच्या गर्दीत हमखास अडकतात. वाहतूकदाराचे एकूण टनेज पावतीबरोबर वाढवण्याऐवजी पावत्यांवरून काढावे, किंवा काही मिनिटांच्या अंतराने एका वेगळ्या कामातून अद्ययावत करावे. त्या एका ओळीवरची गर्दीच मग उरत नाही.

इतर प्रणालींत हेच दुखणे

ओरॅकलमध्ये ओळीचे लॉक असेच अमर्याद थांबवते आणि अडवणारे सेशन 'व्ही-डॉलर-सेशन' व्ह्यूच्या 'ब्लॉकिंग_सेशन' रकान्यात मिळते. जुन्या प्रती तेथे अनडू विभागात जातात, त्यामुळे टेबल फुगत नाही. त्याऐवजी लांबलेला अहवाल 'ओआरए-०१५५५' या चुकीने मध्येच पडतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मूळ मांडणीत वाचणाऱ्यालाही लिहिणाऱ्यासाठी थांबावे लागते, म्हणून 'रीड कमिटेड स्नॅपशॉट' हा पर्याय चालू आहे का ते आधी पाहावे. तेथे उघड्या ट्रान्झॅक्शनमुळे लॉग फाइल फुगते आणि 'लॉग_रीयूज_वेट_डेस्क' या रकान्यात 'ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' असे कारण दिसते. मायएसक्यूएलचे इनोडीबी ५० सेकंदांनी प्रतीक्षा तोडते, पण मूळ मांडणीत फक्त ती आज्ञा रद्द होते, ट्रान्झॅक्शन उघडेच राहते. प्रोग्रामने त्यानंतर स्वतः रोलबॅक केले नाही तर एक अडलेले सेशन स्वतःच दुसऱ्यांना अडवू लागते.

बदल लागू झाले का, याची चाचणी

फुगलेली टेबले हंगाम चालू असताना आटोपशीर करण्याची घाई करू नये. अडथळा दूर झाल्यावर साधा व्हॅक्यूम मृत प्रतींची जागा पुन्हा वापरण्याजोगी करतो आणि तेवढ्याने वेग परत येतो. 'व्हॅक्यूम फुल' टेबल नव्याने लिहिते, त्यासाठी जादा डिस्क लागते आणि तोवर टेबल पूर्णपणे बंद राहते. ते काम कारखाना बंद झाल्यावर करावे.

मर्यादांची चाचणी बॉयलर अग्निप्रदीपन ते प्रत्यक्ष गाळप सुरू होण्याच्या मधल्या दिवसांत घ्यावी, कारण तेव्हा काटे जोडलेले असतात आणि गाड्या नसतात. शेतकी विभागात एका वाहतूकदाराची नोंद दुरुस्तीसाठी उघडी ठेवावी आणि काट्यावर त्याच्याच नावाची चाचणी-पावती साठवून पाहावी. पाच सेकंदांत संदेश यायला हवा आणि दोन मिनिटांनंतर पावती साठवली जायला हवी. दुसऱ्या चाचणीत काटा क्रमांक एकवर डीबगरने किंवा मुद्दाम घातलेल्या थांब्याने ट्रान्झॅक्शन अर्धवट ठेवून त्या संगणकाची नेटवर्क केबल काढावी आणि काटा क्रमांक दोनवरून तीच नोंद साठवून पाहावी. सर्व्हरने जुने सेशन साधारण अर्ध्या मिनिटात तोडले पाहिजे. दीड मिनिट लागले तर फक्त कीपअलाइव्ह लागू झाला आहे आणि रोलवरील निष्क्रियतेची मर्यादा लागलेली नाही. त्याहून अधिक लागले तर दोन्ही मूल्ये त्या सेशनपर्यंत पोहोचलेली नाहीत, आणि त्याच सेशनमधून 'शो' आज्ञेने प्रत्यक्ष मूल्य वाचून पाहावे.